आपला रायाजी

मामंजी बुटांसकट स्वयंपाकघरात आले. मी तव्यावर भाकरी टाकत होते. अशी चूक त्यांच्या हातून कधी होत नसे. बूट उंबऱ्याबाहेर, टोपी खुंटीला आणि माणूस त्यानंतर आत, असा आमच्या घरातला कायदा होता आणि तो पहिलीतल्या माझ्या लेकीलाही लागू होता.

"शालन, चूल इझव," ते म्हणाले.

"अजून चार भाकऱ्या व्हायच्यात, मामंजी."

"इझव, पोरी. आपला रायाजी गेला."

रायाजी म्हणजे माझा नवरा. कारगिलचं ते वर्ष. त्याची पलटण वर डोंगरात होती आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. ही बातमी आली तर मी काय करीन याचा मी अंथरुणावर पडून पुष्कळदा विचार केला होता. प्रत्यक्षात मी आधी तव्यावरची भाकरी उलटली. मग कळशीतलं पाणी चुलीत ओतलं. धूर झाला, राख उडाली, आणि मागल्या दारी जोंधळे पाखडत बसलेल्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सूप टाकून असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

घटकाभरात अंगण भरलं. बोरजाईवाडी लहान, त्यात निम्मं गाव फौजेतलं. बाया माझ्याभोवती बसल्या, पुरुष ओसरीवर मामंजींपाशी. कुणीतरी लेकीला शाळेतून परस्पर मावशीकडे न्यायचं ठरवलं. मी भिंतीला टेकून बसले होते. रडू येत नव्हतं. डोक्यात काहीतरी खुपत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं.

मामंजी म्हणजे सुभेदार आनंदा फडतरे. पेन्शनीत येऊन पंधरा वर्षं झाली, पण पलटण सुटली नव्हती. दूध डेअरीत गावचा फोन होता, तिच्याशेजारच्या खोलीवर त्यांनी 'माजी सैनिक मंडळ' अशी पाटी लावली होती. कुणा हवालदाराला दवाखान्यात न्यायचंय, कुणा नायकाच्या विधवेला सासरचे घराबाहेर काढतायत, कुणी दारू पिऊन विहिरीच्या काठावर बसलाय, की निघाले मामंजी. आत्याबाई म्हणायच्या, "माझा संसार पलटणीनं केला, म्या नुसती भांडी घासली." आणि गावातल्या कुणा फौजीच्या घरी वाईट बातमी सांगायची असली, तर ती मामंजींनीच सांगायची. दुसऱ्या कुणाला ते करू देत नसत. त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्या सुनांना पाठ होतं: "आधी नंबर इचारायचा, मग ऊर बडवायचा." फौजेत एका नावाची दहा माणसं असतात. नंबर एकाचाच.

तेच मला खुपत होतं. मामंजींनी नंबर सांगितला नव्हता.

मी उठले. बायांना वाटलं परसाकडे निघाले, कुणी अडवलं नाही. मामंजी गोठ्यात होते. वासराचं दावं सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

"मामंजी, फोनवर नंबर काय सांगितला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लाइन खराब व्हती."

"नंबर?"

"नाव सांगितलं. नायक रायाजी फडतरे, बोरजाईवाडी, शहीद. नंबर इचारला तर लाइन तुटली."

आता इथं सांगायला हवं की बोरजाईवाडीत नायक रायाजी फडतरे दोन होते. एक माझा नवरा. दुसरा ज्ञानू हवालदाराचा मुलगा, म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, बेबीचा नवरा. एकाच भावकीतले, एकाच पलटणीत, भरतीही एकाच दिवशी झालेले.

एकाहत्तरच्या लढाईत मामंजी, ज्ञानूतात्या आणि रायाजी नावाचा त्यांचा जोडीदार असे तिघं एका खंदकात होते. दोघं परत आले. पुढं मामंजींना मुलगा झाला, त्यांनी त्याचं नाव रायाजी ठेवलं. चार महिन्यांनी ज्ञानूतात्यांना मुलगा झाला, त्यांनीही तेच ठेवलं. भावकीत एक नाव दोनदा ठेवत नाहीत, म्हाताऱ्यांनी गोंधळ घातला. मामंजी म्हणाले ज्ञानूनं बदलावं, ज्ञानूतात्या म्हणाले सुभेदारानं बदलावं, आणि दोघांनीही बदललं नाही. पलटणीत गेल्यावर दोघांना हाका मारायची पंचाईत झाली, तेव्हा फौजेच्या रिवाजानं नंबराचे शेवटचे आकडे नावाला चिकटले. माझा नवरा 'चाळीस', बेबीचा 'एकवीस'. रजेवर आला की माझा म्हणायचा, "चाळीस शेरांचा मण होतो. मी अख्खा मण, तो निम्मा." ही गंमत आम्हा दोघी बायकांना आणि दोन म्हाताऱ्यांना ठाऊक होती. गावाला तिचं काही नव्हतं. गावात ते सुभेदाराचा रायाजी आणि हवालदाराचा रायाजी होते.

मी गोठ्याच्या मेढीला धरून उभी राहिले.

"मग 'आपला' कशावरनं म्हणालात?"

"आपलाच की."

"आपला म्हणजे कुणाचा, मामंजी?"

"दोन्ही आपलेच हायत," ते म्हणाले. "म्या खोटं बोललो न्हाई."

मला त्यांच्या हातातलं दावं ओढून फेकावंसं वाटलं. बाहेर त्यांची बायको जमिनीवर डोकं आपटत होती.

"मला रांड करून बसवलंत तुम्ही," मी म्हणाले. "नवरा जिता असेल तर?"

"असंल तर देव पावला."

"आणि मग बेबी?"

त्यांनी दावं सोडलं आणि ते गव्हाणीच्या कडेवर बसले. "ऐक. डेअरीच्या लालासोनं माझ्याबरूबर फोन ऐकलाय. त्यो काय त्वांड बंद ठेवणारा न्हवं, म्हून त्येलाबी आपला म्हूनच सांगितलं. 'रायाजी फडतरे गेला' येवढंच गावात सुटलं असतं, तर ते दोन्ही दारांत गेलं असतं. बेबी घरात एकटी हाय. ज्ञानू साताऱ्याला डोळा दाखवायला गेलाय, दुपारच्या यष्टीनं येणार. त्या घरात दुसरं कोण हाय? तिची सासू कवाच गेली. आपल्या घरात मी हाय, तुझी सासू हाय, घर भरल्यालं हाय. नंबर येईस्तवर एका घरानं रडायचं तर भरल्या घरानं रडावं."

"आत्याबाईंना तरी सांगा."

"तिचं त्वांड बोलतं. तिचं त्वांड बघून गाव वळखंल."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"तू इचारलंस," मामंजी म्हणाले. "नंबर इचारणारी तू येकटीच."

मी त्यांच्याशी पुढं बोलले नाही. इतका राग मला त्या माणसाचा आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. मनात आलं, अंगणात जावं आणि ओरडून सांगावं की नक्की काही नाही, अजून काही ठरलेलं नाही. पण ओरडले असते तर पुढचं वाक्य मलाच बोलावं लागलं असतं, की आमचा नाही तर मग बेबीचा. ते वाक्य घेऊन मी तिच्या दाराशी कशी जाणार होते? मी परत आत गेले आणि भिंतीला टेकून बसले.

थोड्याच वेळात बेबीच आली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी-पिठलं येतं. बेबी डोक्यावर पाटी घेऊन आली होती. चुलीपुढं बसल्यानं तिचं तोंड लाल झालं होतं आणि पदराला पीठ लागलं होतं. पाटी तिनं ओसरीवर मामंजींपुढं ठेवली. "खाऊन घ्या, मोठं मामंजी. दोन घास."

"ठिव तिथं," मामंजी म्हणाले. त्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. माणसं म्हणाली, बापाच्या घशाखाली कसा उतरेल घास.

बेबी आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. ती रडायला लागली की पुरी रडायची, नाक, डोळे, खांदे, सगळ्यांनी. आमच्या लग्नांत सहा वर्षांचं अंतर. ती नवी नवरी होऊन गावात आली तेव्हा पाणी कुठलं भरायचं, कुणाच्या दारात बसायचं नाही, सासऱ्याची टोपी कशी धुवायची, हे सगळं तिला मीच शिकवलं होतं.

"शाले," ती माझ्या कानाशी म्हणाली, "म्या पापी हाय."

"का गं?"

"लालासो सांगत आला, सुभेदाराचा रायाजी गेला. म्या आधी द्येवाला हात जोडलं. आमचा न्हवं म्हून." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग पिठात पाणी घातलं अन् मला कळलं म्या काय केलं. मला शिव्या दे, शाले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं जे एकदा केलं होतं ते मी गोठ्यातून आल्यापासून करत होते. प्रत्येक श्वासाला मी देवाला म्हणत होते, माझा नको. आणि माझा नको म्हणजे जिचा, ती माझ्याच छातीवर डोकं ठेवून रडत होती. मी तिला घट्ट धरलं. ती मला धरून होती असं बायांना वाटत होतं.

दाराशी सायकल वाजली. लालासो. मामंजी ओसरीवरून उठून फाटकापर्यंत गेले. लालासोनं मान हलवली. "लागंना, सुभेदार. चार डाव फिरवला. साताऱ्याची लाइनच मेलीया."

"बस जा फोनपाशी. उठू नगंस."

"आता काय ऐकायचं ऱ्हायलंय?" लालासो म्हणाला, आणि ओसरीवरच्या माणसांनाही तो प्रश्न पटला असावा. मामंजींनी त्याची सायकल फाटकाबाहेर वळवून दिली. तो सायकलवर बसून गेला.

ऊन वर आलं तशा गंगाकाकू उठल्या. भावकीतली सगळ्यात मोठी बाई. असल्या कामाला त्याच. त्यांनी पाट्यावरचा वरवंटा आणला, माझ्यापुढं बसल्या आणि माझा हात हातात घेतला. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, नागपंचमीला बदलायच्या म्हणून ठेवलेल्या.

"मयत आल्याबिगर नाही," मी हात ओढून घेतला.

"मयत आठ दिसांनी येईल गं लेकी. दिल्लीवरनं यायचं ते. तवर का सुवाशीण म्हून बसणार?"

"हो. बसेन."

"असं करू ने. त्येच्या जिवाला तरास हुतो."

"काकू, हात सोडा माझा."

बायांत कुजबुज झाली. सुभेदाराची सून म्हणजे पहिल्यापासूनच तोंडाळ, असं कुणीतरी म्हणालं आणि ते खरंच होतं. बेबीनं माझी बाजू घेतली. "ऱ्हाऊ द्या की, काकू. तिचं मन हुईल तवा करा." पण गंगाकाकूंनी माझं मनगट पुन्हा धरलं. त्यांच्या बोटांत अजून कणसं सोलायची ताकद होती.

मी ओसरीकडे पाहिलं. मामंजी दारात येऊन उभे होते. मला वाटलं, आता सांगतील. सांगायलाच हवं. त्यांचे ओठ हलले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "ज्ञानूला येऊ द्या."

"ज्ञानूचं हितं काय काम?" गंगाकाकू म्हणाल्या. "बाईमाणसाचं काम हाय हे."

"ज्ञानूला येऊ द्या म्हणलं ना."

पलटणीवर वापरायचा तो आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता. गंगाकाकूंनी वरवंटा खाली ठेवला, पण माझं मनगट सोडलं नाही. कोपऱ्यात आत्याबाई एकसारख्या माझ्या नवऱ्याचं बाळपणीचं नाव घेत होत्या. मी मामंजींच्या डोळ्यांत पाहत राहिले आणि त्यांनी नजर खाली घेतली नाही. एवढं मात्र मी त्यांचं मानलं. त्यांनी मला आगीत बसवलं होतं आणि तिथून ते हलले नव्हते.

दुपारची यष्टी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. फाटा लांब नाही, पण त्या दिवशी ज्ञानूतात्यांना यायला फार वेळ लागला. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात काठी, काखेत पिशवी. ते स्वतःच्या घराकडे वळले नाहीत, सरळ आमच्याच फाटकात आले. अंगणातली गर्दी पाहून जागेवर उभे राहिले. माणसांनी वाट करून दिली.

मामंजी त्यांना सामोरे गेले. दोघं अंगणाच्या मधोमध उभे राहिले. मी उंबऱ्याच्या आत होते, सगळं दिसत होतं.

"ज्ञानू," मामंजी म्हणाले, "आपला रायाजी गेला."

"ठावं हाय," ज्ञानूतात्या म्हणाले. "दवाखान्यात आपल्या पलटणीचा माणूस भेटला. त्येच्याकडं सकाळीच खबर आली व्हती." त्यांनी चांगल्या डोळ्यानं ओसरीकडे पाहिलं. भाकरीच्या पाटीकडे पाहिलं. मग दारातून आत पाहिलं, माझ्याकडे, माझ्या मनगटावरच्या गंगाकाकूंच्या हाताकडे, मला मिठी मारून बसलेल्या बेबीकडे. त्यांना सगळं समजायला किती वेळ लागला असेल? फार नाही. आयुष्यभर ते दोघं असंच बोलत आले होते.

"तुला नंबर सांगितला का कुणी, आनंदा?"

मामंजींनी नाही म्हणून मान हलवली.

"मला सांगितला," ज्ञानूतात्या म्हणाले. "एकवीस."

अंगणातल्या कुणालाही त्या शब्दाचा अर्थ लागला नाही. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. गंगाकाकूंनी विचारलं, "काय एकवीस?" माझ्या पाठीवरून फिरणारा बेबीचा हात थांबला.

मला आनंद झाला. तो शब्द दुसरा नाही. माझा रायाजी जिवंत होता, आणि माझ्या नखांपासून केसांपर्यंत तो आनंद असा चढला की मला वाटलं तो बाहेरून दिसेल. मी तोंडात पदर कोंबला. बेबीचं अख्खं वजन माझ्या अंगावर आलं होतं आणि तरी तो आनंद थांबत नव्हता.

बाहेर मामंजी म्हणत होते, "परत सांग."

"एकवीस, आनंदा. दोनदा इचारून घेतला. आधी नंबर, मग ऊर. तुझंच वाक्य न्हवं का?" ज्ञानूतात्यांच्या हातातली काठी खाली पडली. "म्या घरला गेलो न्हाई. तुझ्याकडंच येत हुतो. बेबीला तू सांगावंस म्हून. असली खबर तूच सांगतोस. मला न्हाई जमायचं."

मामंजींनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. कितीतरी घरांत न डगमगता जाऊन बातमी सांगितलेला माणूस, पण त्या दिवशी बेबीला सांगायला वळला आणि उंबऱ्यापाशीच अडला.

"सांगू नगासा, मोठं मामंजी," बेबी आतूनच म्हणाली. "मला नंबर कळतो."

आता ते दोघंही म्हातारे हयात नाहीत. मामंजींनी त्या दिवशी केलं ते बरोबर की चूक, यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं अजून भांडण होतं. तो म्हणतो, बरोबर. तो गोठ्यात नव्हता.

गंगाकाकूंनी माझं मनगट सोडलं आणि वरवंटा परत पाट्यावर नेऊन ठेवला. तो बेबीपुढं ठेवण्याची त्यांनाही हिंमत झाली नसावी. आत्याबाईंना कुणीतरी सांगत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. मुलगा गेला म्हणून रडणारी बाई मुलगा जिवंत आहे हे ऐकूनही तशीच रडत होती. त्या गोंधळात आम्ही दोघी भिंतीला टेकून होतो तशाच राहिलो.

"तुला ठावं व्हतं?" बेबीनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"दोघांतला एक, एवढंच. नंबर आला नव्हता."

"सकाळपासनं?"

"हो."

"म्या पाटी घिऊन आले तवा?"

"हो, बेबे."

ती माझ्यावर ओरडेल, मारेल, उठून जाईल असं मला वाटलं. मी तयार होते. तिनं स्वतःच्या पदराला लागलेलं पीठ झटकलं, पुन्हा झटकलं. तिचे डोळे कोरडे होते. सकाळपासून वाहणारं सगळं पाणी कुणीतरी बंद केल्यासारखं थांबलं होतं.

"म्हंजी म्या तुझ्या नवऱ्यापायी म्हून रडले, ते माझ्याच नवऱ्याचं व्हतं," ती म्हणाली.

तिच्या पदरावरचं राहिलेलं पीठ मी झटकलं.

"रडून झालं माझं, शाले. आता येईना." तिनं माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. "आता तू रड. माझ्याच्यानं हुईना."

मग मी रडले. सकाळपासून एक टिपूस आलं नव्हतं, ते सगळं आलं. रायाजी एकवीससाठी आलं. दर रजेत माझ्या हातचं कालवण मागून खाणारा, स्वतःला निम्मा म्हटलं तरी हसणारा, माझ्या लेकीला खांद्यावर बसवून डेअरीपर्यंत नेणारा तो. मी इतक्या मोठ्यानं रडले की ओसरीवरची माणसं आत डोकावली. बेबी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि दारात उभ्या बायांना म्हणाली, "तिला पानी द्या कुणीतरी."